वाकून घेतलेलं माप

आक्काच्या दुकानात आरसा नव्हता. मंगळसूत्रं गाठवून देणारी बाई आणि दुकानात आरसा नाही, हे दौंडात कुणालाच पटायचं नाही. नवी बाई आली की आधी चारी भिंती बघायची, मग आक्काकडं बघायची आणि हळूच विचारायची, "आरसा कुठंय वो?" आक्का बाहेर जाऊन मिश्रीची चूळ टाकून यायची, पदराला तोंड पुसायची आणि म्हणायची, "आरशात बाई हुबी दिसती. हुबं ऱ्हायला कुणाला येळ हाय? वाका."

वाका म्हणजे खरंच वाका. दुकानाच्या मधोमध उभं राहून कमरेत वाकायचं, हात खाली सोडून खुरपल्यासारखं करायचं. आक्काकडं मापाचा एक दोरा होता, त्याला खाली पितळेची वाटी बांधलेली. तो गळ्यात अडकवून ती बाईला वाकवायची. वाटी हनुवटीच्या खाली लोंबली की दोरा आवरायची आणि परत वाकवायची. तीन-चारदा वाकून बाईचं तोंड लाल व्हायचं, पदर पडायचा, बोळातून जाणारी माणसं वळून बघायची. मग आक्का आपली बोटं आडवी लावून मोजायची, गळ्याच्या खळग्यापासून किती बोटं खाली, आणि तो आकडा स्वतःशीच पुटपुटायची. इंच-फूट तिला कळत नव्हते असं नाही. पण "फुटपट्टी काय वाकून बघती व्हय?" असं तिचं म्हणणं.

हे सगळं मी रोज बघायचे, कारण त्याच खोलीच्या दुसऱ्या अर्ध्यात माझं शिवणाचं दुकान होतं. मंडईच्या मागच्या बोळात एक खोली, मधे प्लायवूडचा अर्धा पडदा. अलीकडं मी, माझं मशीन आणि माणूसभर उंच आरसा, पलीकडं ती. खोली तिची, मी भाडेकरू. माझे मालक रेल्वेत गँगमन, घरी दोन पोरी, आणि माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, मनात मात्र अगं-तुगं. तिचं खरं नाव काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लाइटबिलसुद्धा तिच्या मेलेल्या सासऱ्याच्या नावानं यायचं.

मूळची ती शिरूरकडची. नवरा ऐन उमेदीत गेला. पुढं वीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली आणि मग सासऱ्याचा धंदा हातात घेतला. सासरा गावोगाव फिरून मणी ओवायचा. "हे वाकायचं खूळ तुम्हाला सासऱ्यानं शिकवलं का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याला काय कळतंय? तो गळा बघायचा. गळा बघायचा नस्तो, कंबर बघायची."

एका डॉक्टरची बायको आली होती. तिला नाजूक, आखूड मंगळसूत्र हवं होतं, तेव्हा शहरात तसली निघाली होती. आक्कानं तिला वाकायला लावलं. बाई गुडघ्यापर्यंत हात नेऊन थांबली, पुढं जाईना. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाईसाहेब. तुमी घ्या बेंबीपतुर. तुमाला कवा वाकायचंय?" बाईला राग आला की बरं वाटलं, तिचं तिलाच कळेना. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होते. कुरकुंभच्या कंपन्यांत कामाला आलेल्यांच्या बायका यायच्या, बिहारच्या, यूपीच्या. त्यांना आक्का हिंदीत सांगायची, "झुको. नीचे झुको. अरे और नीचे, कंबर है का लकडी है?" त्या बिचाऱ्या घाबरून जमिनीला हात टेकायच्या. काहींना वाटायचं हा इकडचा काहीतरी विधीच आहे.

पण एक म्हातारी धनगरीण आली होती, तिच्यापुढं आक्का गप्प बसली. म्हातारीच्या गळ्याला घट्ट बसलेलं जुनं डोरलं होतं, ते नव्यानं गाठवायचं होतं. आक्कानं मापाचा दोरा उचलला तशी म्हातारी म्हणाली, "ते ठेव खाली. कोकरू काखंत घेतलं का तोंडात येईल ते काय बी चघळतंय. त्याच्या तोंडात येणार न्हाई एवढंच ठेव." आक्कानं दोरा खाली ठेवला आणि तिच्यासाठी चहा सांगितला. गिऱ्हाइकाला तिनं चहा पाजलेला मी तेवढा एकदाच बघितला. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "हिला बघितलं? हिला माप सांगावं लागत न्हाई." दोन दिवस ती त्याच आनंदात होती.

आता दोऱ्याचं सांगते, कारण ते पुढं लागेल. मंगळसूत्र तुटणं म्हणजे केवढा मोठा अपशकुन. आमच्याकडं तुटलं असं तोंडातून काढतसुद्धा नाहीत, वाढवलं म्हणतात. त्यामुळं येणाऱ्या प्रत्येकीची पहिली अट ही, की दोरा असा घाला, बैल जुंपला तरी तुटायला नको. आक्का तसाच घालायची, तिपेडी, मेण चोळून चोळून काळा झालेला. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा कच्चा घातला तर काय बिघडतं? कुठं अडकलं तर सुटून तरी जाईल." ती म्हणाली, "कच्चा दोरा घालणारीकडं कोण ईल गं? मंगळसूत्र वाढलं आन् नवऱ्याला नुस्ता ताप आला तरी माझ्या नावानं बोंब. दोरा माझ्या हातात न्हाई. माप तेवढं माझ्या हातात हाय."

आणि गाठीचं. आक्का विधवा. मंगळसूत्र विधवेनं ओवलेलं चालायचं, बांधलेलं चालायचं नाही. ही रीत कुणी घातली देव जाणे, पण दौंड-शिरूरच्या बायका ती काटेकोर पाळायच्या. मणी ओवून झाले, सोन्याच्या वाट्या बसल्या, की मागची शेवटची गाठ सवाष्णीनं मारायची. ती सवाष्ण मी. प्लायवूडवर टकटक झाली की मी मशीन थांबवायचे, पलीकडं जायचे आणि आक्का जिथं बोट ठेवील तिथं गाठ मारायचे. "हितं. मुंगीएवढंबी खाली न्हाई." बोट तिचं, गाठ माझी. गाठीच्या मागं ती दोन्ही टोकांना वीतभर दोरा राखून ठेवायची, गुंडाळून वर गोंडा बसवायची, म्हणजे बाळंतपणानंतर बाई अंगानं भरली तर माप सैल करता यावं. मी गाठ मारत असताना ती भिंतीकडं तोंड करून बसायची. आधी मला वाटायचं, रुसते. पुष्कळ दिवसांनी कळलं, गिऱ्हाइकाला तेच बरं वाटायचं म्हणून.

माझं स्वतःचं मंगळसूत्र तिनंच गाठवलेलं, आणि आखूड. "मशिनीवर वाकती, चाक फिरतंय, तुला लांब कशाला?" मी पुष्कळ कटकट केली. तेव्हा घरोघरी केबल आली होती. मालिकांमधल्या बायका भाकरी थापताना कधी दिसल्या नाहीत, पण मंगळसूत्रं मात्र पोटापर्यंत. माझ्याकडं ब्लाउज शिवायला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या गळ्यात तसली लांब दिसायला लागली होती. ज्या बाईचं मंगळसूत्र लांब, तिला शेणामातीचं काम नाही, असं बघताक्षणी कळायचं, आणि कळावं असंच वाटायचं. मलाही वाटायचं. का वाटू नये?

सविता पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. यवतच्या पुढं त्यांची वस्ती. नवरा कुरकुंभला कंपनीत कंत्राटी, शिफ्टा करायचा. त्यानं नव्या वाट्या केल्या होत्या आणि मंगळसूत्र नव्यानं गाठवायचं होतं. पोरगी बाविशीची असेल, हसली की डोळे बारीक व्हायचे. आक्कानं सासूला विचारलं, "घरी काय काम हाय हिला?"

"चार जर्सी गाया हायत. दूध डेअरीला घालतो."

"कुट्टी कोण करतं?"

"मीच करते," सविता म्हणाली.

"हाताची का मोटरची?"

"मोटरची."

कुट्टी म्हणजे कडबा बारीक करायचं यंत्र. तोंडात पेंढी सारायची, दोन दातेरी रूळ ती आत ओढतात आणि पुढं पातं फिरत असतं. आक्का म्हणाली, "मंग पेंढी सारती तशी वाक." सविता वाकली. आक्कानं तिला पाचदा वाकवली, इतर कुणाला वाकवली नसेल इतकी, आणि माप घेतलं सहा बोटं.

"जरा खाली घ्या की आक्का," सविता म्हणाली. "म्हैन्यानं दिराचं लगीन हाय."

"लगीन एक दिस. कुट्टी रोज."

सासू म्हणाली, "आक्का म्हणत्यात तेच बरूबर हाय." आक्कानं बोट ठेवलं, मी गाठ मारली. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

पाच-सहा दिवसांनी ती एकटीच आली. आक्का त्या दिवशी शिरूरच्या बाजाराला गेली होती. तिथं ती आठवड्याला एकदा पोत्यावर मणी मांडून बसायची. आणि त्याच्या आदल्याच दिवशी माझं आणि तिचं वाजलं होतं. एका गिऱ्हाइकाला मी म्हटलं होतं, दोन बोटं लांब घ्या, छान दिसेल. त्यावर आक्का सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिचं काय ऐकता? हिनं जल्मात खुरपं धरलेलं न्हाई." शब्द साधाच होता, पण मला झोंबला. रात्रभर मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते.

"आक्का न्हाईत व्हय?" सवितानं विचारलं.

"शिरूरला गेल्यात. संध्याकाळी येतील."

ती जायला वळली, थांबली, आणि माझ्या आरशासमोर उभी राहिली. पदर सारखा केला. मंगळसूत्र पदराखाली गेलं. तिनं ते वर काढलं, परत गेलं. "बघा की ताई. नव्या वाट्या केल्यात, आन् दिसतच न्हाईत. लग्नाला सगळ्या जावा येणार, समद्यांची लांब हायत. फोटोत माझा गळा बोडका दिसंल." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमीच करा की. गाठ तुमीच मारता न्हवं?"

"आक्का मला फाडून खाईल."

"नुस्तं लग्नापुरतं. लगीन झालं का दुसऱ्या दिशी येते, परत आखूड करा. शप्पत."

मी नाही म्हणायला हवं होतं. हे वाक्य मी इतक्यांदा मनात म्हटलंय की आता त्याला काही चवच उरली नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला नाही म्हणायचंच नव्हतं. मला आक्काला दाखवायचं होतं, की तुझ्या बोटाशिवायही गाठ बसते. मी पलीकडं जाऊन तिच्या डब्यातले काळे मणी घेतले, गोंडा सोडला, राखून ठेवलेला दोरा उलगडला आणि दोन्ही बाजूंना मणी ओवत गेले. कुठं थांबायचं ते सांगायला कुणी नव्हतं. सवितानं छातीच्या खाली हात ठेवला, "हितपतुर," आणि तेवढ्या मापाला मी मागं गाठ मारली. घट्ट मारली. माझी गाठ कधी सुटलेली नाही.

ती आरशात बघत राहिली. उजवीकडून, डावीकडून. मी विचारलं, "सासूला काय सांगशील?" म्हणाली, "सांगते, आक्कानीच बोलवून करून दिलं." मग आम्ही दोघी खूप हसलो. खरंच गोड दिसत होती. तो दिवस मला इतका बरा गेला म्हणून सांगू.

संध्याकाळी आक्कानं मण्यांच्या डब्यात हात घातला, मणी चाळवले आणि विचारलं, "कमी कसं झालं गं?" मी म्हटलं, "माझ्या हातून सांडले." तिनं जमिनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि झाकण लावलं.

लग्न झालं असणार. सविता आली नाही. मधे एकदा डेअरीच्या गाडीवाल्याकडं निरोप धाडावा असं मनात आलं होतं, पण लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग, राहून गेलं. मग मला विसरच पडला.

पुढं कळलं ते सासूच्याच तोंडून. भर दुपारी ती बोळात आली, बरोबर तिचा भाऊ. तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते. तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. तिनं ती आक्कासमोर सोडली. आत मंगळसूत्र होतं, दवाखान्यात कात्रीनं कापून काढलेलं. एक वाटी चेपून पत्र्यासारखी झाली होती.

"पेंढी सारली आन् वाकली," सासू म्हणाली. रडत नव्हती, एका सुरात सांगत होती. "वाट्या दात्यात गेल्या. तोंड खाली ओढत नेलं तिचं. बटन गोठ्याच्या पल्याडल्या भिंतीला. मी पळाले, बंद केलं. तवर... दोरा तुटला न्हाई वो. एवढं माणूस गेलं, दोरा तुटला न्हाई."

बोळात माणसं जमली होती. आक्कानं मंगळसूत्र उचललं. तिनं पुढं बघितलंच नाही, सरळ मागची बाजू बोटांत धरली. मागाहून ओवलेले जादा मणी तिनं एकेक करून चाचपले, गाठीपर्यंत आली आणि गाठीवर अंगठा ठेवून बसली. मी प्लायवूडच्या कडेला उभी होते. माझ्या गळ्यात मोजपट्टी, हातात कुणाचातरी अर्धा ब्लाउज. आता ती माझ्याकडं बघेल, आता नाव घेईल, असं वाटत होतं.

"माझ्यासमूर आखूड माप घेतलं तुमी," सासू म्हणाली. "आन् मागनं लांब करून दिलं? व्हय का न्हाई?"

"व्हय," आक्का म्हणाली. "मीच दिलं."

मग सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला. रांडाव, पांढऱ्या कपाळाची, स्वतःचा नवरा खाल्ला आन् आता लोकाच्या सुना खाती. मुंडीच्या हातचं घेतलं तवाच कळायला पायजे व्हतं. भाऊ तिला आवरत होता आणि स्वतःही दोन शब्द घालत होता. आक्का मान वर करून ऐकत राहिली. एकदाही तिनं पडद्याकडं बघितलं नाही. आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खी मंडई म्हणायची, ती मी गप्प उभी होते. सासू पुरचुंडी तिथंच टाकून गेली. माणसं पांगली. आक्कानं मंगळसूत्र रुमालात बांधलं आणि आपल्या ट्रंकेत ठेवलं.

दौंडात ते वाऱ्यासारखं पसरलं. आठ दिवसांत शिरूरला पोचलं. आणि काय पसरलं म्हणता? मापाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक बाई म्हणाली नाही, की लांबी चुकली, कुट्टीवर वाकणाऱ्या पोरीला एवढं लांब द्यायला नको होतं. सगळ्या म्हणाल्या, हात वाईट. विधवेचा हात लागला. ज्यांची मंगळसूत्रं आक्कानं गाठवली होती त्यांनी ती दुसरीकडून सोडवून घेतली. त्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडं आल्या, "ताई, तुमीच नव्यानं ओवून गाठ मारून द्या, तुमचा हात सवाष्णीचा." मी मारून दिल्या. काय करणार होते? नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

महिन्याभरानं धीर करून मी पलीकडं गेले. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही शिरूरला गेला होता ना, तेव्हा..."

"गप ऱ्हा," ती म्हणाली.

"पण आक्का..."

"तुला दोन पोरी उजवायच्यात. मला कुणाला उजवायचंय? माझं काय जातंय?" मग वर न बघता म्हणाली, "गाठ चांगली मारली व्हती." ते ती रागानं म्हणाली की कसं, मला आजपर्यंत उमगलं नाही. मी माझ्या बाजूला येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले. मशीन चालू ठेवलं होतं, आवाज जाऊ नये म्हणून.

तिचं काय गेलं ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यानंतरही चुकून-माकून एखादी बाई यायची, बाहेरगावची, जिला काही ठाऊक नाही. आक्का तिला वाकायला सांगत नसे. मापाचा दोरा खिळ्याला तसाच लटकलेला असायचा. ती बसल्या जागेवरून विचारायची, "किती लांब पायजे?" बाई सांगायची तेवढं ओवून द्यायची. ऊसतोडणीची बाई असो, वीटभट्टीवरची असो, म्हणेल तेवढं. एकदा मला राहवलं नाही, मी पडद्यावरून ओरडले, "आक्का, तिला वाकवा की! वीटभट्टीवर जाते ती!" आक्का म्हणाली, "गिऱ्हाईक म्हणंल तसं. आपण कोण सांगणार?" त्या बाईनं विचारलं, "वाकवा म्हंजी?" आक्का मणी ओवत राहिली. अंगावर धावून आली असती, मला बोळात काढून मारलं असतं, तरी चाललं असतं. पण तिचं ते "किती लांब पायजे" कानावर पडलं की मी मशीन जोरात चालवायचे.

पुढं तिनं दुकान बंद केलं. खोलीची दोन्ही अर्धी माझ्याकडं आली. ती शिरूरला पुतण्याकडं गेली आणि चार वर्षांनी तिथंच वारली. मला कळलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता. माझ्या दोन्ही पोरींची लग्नं तोवर झाली होती. मला अडवायला काही उरलं नव्हतं. एक दिवस मी मालकांना काहीच न सांगता यवतची एसटी धरली आणि वस्तीचा पत्ता विचारत चालत गेले.

सविताची सासू अंगणात होती. पार वाळली होती, पण कपाळाला कुंकू होतं; सासरे जिवंत होते, ओट्यावर बिडी ओढत बसलेले. मुलाचं दुसरं लग्न झालं होतं. नवी सून आत भांडी घासत होती. सासूनं मला ओळखलं. घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. चहा यायच्या आत बोलायचं असं मी एसटीतच ठरवलं होतं, म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. आक्का गावात नव्हती. मणी मी ओवले. गाठ मी मारली. आक्कानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. म्हटलं, तुम्हाला मला काय बोलायचं ते बोला. मारा. त्याचसाठी आलेय.

तिनं पायानं माती सारखी केली. मग म्हणाली, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"त्याच दिशी सांगितलं व्हतं सवितानं. तिला खोटं बोलाया जमायचं न्हाई, हसायला यायचं. शिवणवाल्या ताईनी करून दिलं, म्हणली. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे आता लगीन होस्तवर. मंग लगीन झालं, पावणेरावळे, कामाचा रगाडा. आज जाऊ, उद्या जाऊ. ऱ्हाऊन गेलं."

"मग आक्काला कशाला बोललात?" माझा आवाज चढला. "भर बोळात? तुम्हाला माहीत होतं ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, लाजही नव्हती. "मंग कुणाला बोलू? सविताच्या माहेरची माणसं दारात बसली व्हती, कुणाचा हात लागला सांगा म्हणून. मी माझं नाव सांगू? का तुमचं सांगू? तुमी लेकुरवाळ्या, सवाष्ण. आक्का एकटी व्हती. तिला कोन इचारणार व्हतं?" मग हळूच म्हणाली, "आन् ती व्हय म्हणली की."

सुनेनं चहा आणला. आम्ही दोघी तो प्यालो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक पावसापाण्याचं बोललो असू. मग मी उठले, पदर सावरला, येते म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. "सवाष्णीनं दारातनं तसंच जाऊ न्हाई."

ती आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. माझ्या कपाळाला तिनं आधी हळद लावली, मग कुंकू लावलं. मी लावून घेतलं.